ग्राफिक्स कार्ड कोणत्या कंपनीचं घ्यावं? ५०६० टीआय आणि ९०६० एक्सटी घेणाऱ्यांसाठी

मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरच्या कुठल्याही कॉम्प्युटरच्या दुकानात पाच मिनिटं थांबलं की हा प्रश्न कानावर पडतो: "दादा, असूसचं घेऊ की झोटॅकचं?" आणि ज्या कंपनीचा माल पडून असेल तिचं नाव काउंटरवरून येतं. प्रश्न चुकीचा नाही, पण तो जरा लवकर विचारला जातो.

असूस, एमएसआय, गिगाबाइट, झोटॅक, सफायर यांपैकी कुणीही ग्राफिक्सची चिप बनवत नाही. चिप एन्व्हिडियाची, एएमडीची नाहीतर इंटेलची, आणि सध्याच्या पिढीत तिघांच्याही चिप तैवानच्या टीएसएमसीच्या कारखान्यातून निघतात. कार्डवाली कंपनी ती चिप घेते, तिच्याभोवती सर्किट बोर्ड आणि व्होल्टेजचा भाग बांधते, हीटसिंक आणि पंखे बसवते, खोक्यात भरते आणि वॉरंटी देते. त्यामुळे आरटीएक्स ५०६० टीआय कुणाचंही घेतलं तरी आत ४६०८ कूडा कोअर (चिपमधले गणित करणारे छोटे भाग) तेवढेच आणि जीडीडीआर७ मेमरी तीच. "ओसी" लिहिलेल्या खोक्यात कारखान्यातच थोडा वाढवलेला क्लॉक, म्हणजे चिपचा वेग, मिळतो. मूळ बूस्ट (भार आल्यावरचा वेग) २५७२ मेगाहर्ट्झ असतो, त्यावर थोड्या मेगाहर्ट्झची भर पडते. गेममध्ये याचा फरक एक ते तीन टक्के, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेमच्या जागी ६१. या एका फ्रेमसाठी तीन-चार हजार जास्त मोजायचं कारण नाही.

कंपनीच्या नावावर ठरतं ते वेगळं: कार्ड किती तापेल, किती आवाज करेल, कॅबिनेटमध्ये मावेल का, आणि दीड वर्षांनी बंद पडलं तर ते कुठे, कुणाकडे न्यायचं. यातला शेवटचा मुद्दा सगळ्यात महागात पडतो आणि विकत घेताना त्याकडेच कमी पाहिलं जातं.

आधी चिप, आणि चिपच्याही आधी तुमचा मदरबोर्ड

जीटीएक्स १०५० टीआय किंवा १०६० वापरणाऱ्यांना आता कार्ड बदलणं भाग आहे. एन्व्हिडियाने पास्कल पिढीसाठीचे नियमित गेम ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पासून थांबवले, आता ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेचे अपडेट मिळतील. १६५० वाल्यांना तशी घाई नाही.

मधल्या बजेटमध्ये आज खरी लढत दोन कार्डांत आहे. एन्व्हिडियाचं ५०६० टीआय १६ जीबी, १८० वॅटचं. एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबी, १६० वॅटचं. त्यांच्याखाली ५०६० (८ जीबी, १४५ वॅट) आणि इंटेलचं आर्क बी५८० (१२ जीबी, १९० वॅट). अमेरिकेत ही कार्डं अनुक्रमे ४२९, ३४९, २९९ आणि २४९ डॉलरला जाहीर झाली. इकडे त्यावर १८ टक्के जीएसटी, आयातदाराचा आणि दुकानाचा वाटा चढतो, आणि मेमरीचे भाव हलले की तोही आकडा हलतो. म्हणून रुपयांतला कालचा भाव आज धरून बसू नका. दोन कार्डांमधलं अंतर पाहा.

५०६० टीआय आणि ९०६० एक्सटी दोन्ही ८ जीबीतही येतात, नाव तेच राहतं. खोक्यावर मोठ्या अक्षरात नाव आणि कोपऱ्यात मेमरी. ऑनलाइन ऑर्डर करताना "५०६० टीआय स्वस्तात मिळालं" असं वाटलं तर आधी हा कोपरा वाचा. ही सवय जुनीच आहे: आरटीएक्स ३०५० ची ८ जीबीची आवृत्ती २५६० कोअर आणि १२८ बिटची (बिट म्हणजे मेमरीच्या रस्त्याची रुंदी), तर ६ जीबीची २३०४ कोअर आणि ९६ बिटची. आकडा तोच, कार्ड वेगळं. त्याआधी जीटी १०३० मध्ये जीडीडीआर५ च्या जागी साधी डीडीआर४ बसवलेलं कार्ड त्याच नावाने विकलं गेलं होतं.

मेमरीचा मुद्दा आपल्याकडे आणखी एका कारणाने टोचतो. स्वस्त आणि मस्त म्हणून हजारो घरांत रायझन ५ ५६००जी आहे. हा प्रोसेसर कुठल्याही बोर्डवर लावा, अगदी बी५५० वर लावा, ग्राफिक्स स्लॉटला तो पीसीआयई ३.० च देतो, म्हणजे कार्ड आणि प्रोसेसर यांच्यातल्या रस्त्याची जुनी, हळू पिढी. रायझन ५ ५५०० चंही तेच. आणि ५०६० टीआय, ५०६०, ४०६०, बी५८० ही सगळी कार्डं त्या रस्त्याच्या १६ पैकी ८ च लेन वापरतात. ३.० च्या आठ लेनवर वाहतूक सेकंदाला जेमतेम ८ जीबी. गेम कार्डाच्या मेमरीत मावत असेल तर दोन-चार टक्क्यांचं नुकसान होतं, जाणवतही नाही. पण ८ जीबी भरून डेटा रॅममध्ये सांडायला लागला की प्रत्येक टेक्स्चर त्या अरुंद बोळातून ये-जा करतं आणि फ्रेम अडखळतात. सरासरी आकडा ७० दिसतो, आणि तरी खेळताना धक्के बसतात. ९०६० एक्सटी पूर्ण १६ लेन वापरतं, म्हणून ३.० च्या बोर्डवर त्याला दुप्पट रुंद रस्ता मिळतो. ५६००जी, बी४५० किंवा एच४१० वाल्यांनी ८ जीबीचं एन्व्हिडिया कार्ड टाळावं. आय३ १२१००एफ आणि एच६१० असेल तर स्लॉट ४.० चा आहे, तेवढी चिंता नको.

बी५८० कागदावर सुंदर आहे: १२ जीबी, १९२ बिट. पण त्याला बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) रीसायझेबल बार, म्हणजे प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय, चालू लागते, आणि त्याच्या ड्रायव्हरचा भार प्रोसेसरवर पडतो. रायझन ५ २६०० किंवा आय५ ९४००एफ च्या जोडीला ते लावलं तर परीक्षणांतले आकडे तुमच्या स्क्रीनवर येणार नाहीत, कारण ती परीक्षणं महागड्या प्रोसेसरवर झालेली असतात. नवीन प्रोसेसर असेल तरच विचार करा.

काम काय आहे यावर चिपचा निकाल लागतो. फक्त गेम असतील तर ९०६० एक्सटी १६ जीबी, कारण पैसे कमी लागतात आणि वेग जवळपास तोच. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये सायकल्सने रेंडर करत असाल, अडोबीवर पोट असेल, घरच्या घरी एआय मॉडेल चालवायची असतील, तर ५०६० टीआय १६ जीबी. ब्लेंडर एएमडीवरही चालतो, पण एन्व्हिडियाच्या ऑप्टिक्सचा वेग तिथे नाही, आणि एन्व्हिडियाच्याच कूडावर लिहिलेली असंख्य टूल्स एएमडीवर बसवताना संध्याकाळ जाते. लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांसाठी आणखी एक: कॅमेरा ४:२:२ दहा बिटमध्ये रेकॉर्ड करत असेल तर एन्व्हिडियाच्या ५० मालिकेत (५०६०, ५०६० टीआय वगैरे) ते फुटेज उलगडायला हार्डवेअरची सोय आहे. ४० मालिकेत नव्हती, तिथे टाइमलाइन ओढताना प्रोसेसरला घाम फुटायचा.

आता कंपन्या

चिप ठरली की अर्धी नावं आपोआप गळतात. सफायर, पॉवरकलर आणि एक्सएफएक्स यांच्याकडे फक्त रेडिऑन, म्हणजे एएमडीची कार्डं. झोटॅक, इनोथ्रीडी, गॅलॅक्स, पॅलिट, पीएनवाय यांच्याकडे फक्त एन्व्हिडिया. असूस आणि गिगाबाइट दोन्ही बनवतात. ॲसरॉककडे एएमडी आणि इंटेल. ईव्हीजीए हे नाव अजूनही कुणीतरी आदराने घेतो, पण त्या कंपनीने २०२२ च्या सप्टेंबरमध्येच ग्राफिक्स कार्डाचा धंदा सोडला.

यातली काही नावं एकाच घरातली आहेत. झोटॅक आणि इनोथ्रीडी दोन्ही पीसी पार्टनर समूहाची, पॅलिट, गेनवर्ड आणि गॅलॅक्स एका समूहाची. म्हणजे "इनोथ्रीडी कोण ऐकलंय?" असं म्हणत झोटॅक घेणारा माणूस त्याच घराच्या दुसऱ्या दारातून आत गेलेला असतो. कमी ऐकलेलं नाव म्हणजे कच्चा माल, असं इथे चालत नाही. शंका घ्यायची ती त्या नावाच्या भारतातल्या सर्व्हिसबद्दल.

कंपनीपेक्षा तिच्यातली मालिका जास्त बोलते. एकच असूस, पण "ड्युअल", "प्राइम" आणि "टफ" ही तीन वेगळी कार्डं समजा. एमएसआयमध्ये "शॅडो" आणि "व्हेंटस" खालच्या पायरीवर, "गेमिंग ट्रायो" वर. गिगाबाइटमध्ये "विंडफोर्स" आणि "ईगल" खाली, "गेमिंग ओसी" आणि "ऑरस" वर. झोटॅकचं "ट्विन एज" साधं, "अँप" चढं. सफायरचं "पल्स" साधं आणि "नायट्रो प्लस" दिमाखदार. पॉवरकलरचं "रीपर" छोटं, "हेलहाउंड" मधलं, "रेड डेव्हिल" मोठं. लोक एका कंपनीच्या सगळ्यात स्वस्त मॉडेलची तुलना दुसऱ्या कंपनीच्या सगळ्यात महागड्याशी करतात आणि मग "अमकी कंपनी गरम होते" असा शिक्का मारतात.

१५० ते १८० वॅटच्या चिपला तीन पंखे आणि अडीच स्लॉटचा कूलर ही चैन आहे. दोन पंख्यांचं साधं कार्ड हे काम सहज करतं. असूस ड्युअल, एमएसआय व्हेंटस २एक्स, गिगाबाइट विंडफोर्स, झोटॅक ट्विन एज यांत जे स्वस्त मिळेल आणि ज्याचं सर्व्हिस सेंटर जवळ असेल ते घ्या. रेडिऑनमध्ये सफायर पल्स डोळे झाकून चालतं: दिवे नाहीत, नखरा नाही, कूलर पुरेसा, आणि पॉवरला साधा ८ पिन. ५०७० (२५० वॅट) किंवा ९०७० एक्सटी (३०४ वॅट) घेत असाल तर मात्र हे गणित उलटं फिरतं. तिथे खालच्या मालिकेचा कूलर ओरडतो आणि वरच्या मालिकेला दिलेले पैसे कानाला आणि हाताला जाणवतात.

याला एक अपवाद आहे, आणि तो आपल्या हवामानाचा. परदेशी परीक्षणं २० ते २३ अंशांच्या खोलीत होतात. कार्डाचं तापमान साधारण खोलीच्या तापमानासोबतच वर सरकतं. तिथे ६५ दाखवणारं कार्ड जळगावच्या किंवा चंद्रपूरच्या मे महिन्यात, एअर कूलर नसलेल्या ४० अंशांच्या खोलीत, ऐंशीच्या पुढे जातं. तेवढ्याने ते जळत नाही, पण क्लॉक उतरत जातो आणि पंखे पूर्ण जोरात फिरतात. विदर्भ, खानदेश, मराठवाड्यात एसीविना वापरणार असाल तर एक पायरी वरची मालिका घ्या, किंवा आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट ८५ टक्क्यांवर आणा. वेग थोडकाच घटतो, उष्णता बरीच उतरते, आणि हा उपाय फुकट आहे. पंख्याच्या बेअरिंगकडेही बघा. धूळ आणि उष्णता दोन्ही असली की साधं स्लीव्ह बेअरिंग लवकर खरखरतं. असूस टफमध्ये दुहेरी बॉल बेअरिंग देते, ती अशा ठिकाणी उपयोगी.

कोकणात आणि गोव्यात त्रास वेगळा, दमट खारी हवा. पोर्टांना आणि स्क्रूंना गंज चढतो, आणि गंज दिसला की बहुतेक कंपन्या वॉरंटी नाकारतात. तीच गत जळलेल्या खुणा आणि मेलेल्या किड्यांची. कॅबिनेटच्या उबेला पाली आणि झुरळं येतात, ती बोर्डवर शॉर्ट करून जातात, आणि सर्व्हिस सेंटरवाला "फिजिकल डॅमेज" असा शेरा मारून कार्ड परत देतो. मागच्या रिकाम्या स्लॉटची पट्टी फेकून देऊ नका, ती याचसाठी असते. पावसाळ्यात मशीन आठवडाभर बंद ठेवण्यापेक्षा रोज अर्धा तास चालवणं बरं.

गेल्या काही वर्षांत जाहीरपणे समोर आलेल्या दोषांतल्या तीन गोष्टी कार्ड निवडताना लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. ५० मालिकेच्या सुरुवातीच्या काही महागड्या कार्डांत चिपचे काही आरओपी (चित्राचे अंतिम पिक्सेल तयार करणारे भाग) कमी निघाले. एन्व्हिडियाने ते मान्य केलं, प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास सांगितलं आणि कार्डं बदलून मिळतील असं कळवलं. ही चिपची चूक होती, कुठल्याही कार्ड कंपनीची नव्हे. दुसरी, गिगाबाइटच्या ५० मालिकेतल्या सुरुवातीच्या काही कार्डांत मेमरीवरची थर्मल जेल जास्त लागली होती आणि उभं बसवल्यावर ती खाली ओघळलेली दिसली. कंपनीने २०२५ च्या एप्रिलमध्ये ते मान्य करून कामावर परिणाम होत नाही असं सांगितलं. तिसरी, १६ पिनचा पॉवर कनेक्टर वितळणं. यात कंपनीचं नाव गौण आहे: प्लग पूर्ण आत गेला नाही, की काही पिनांवर जादा प्रवाह येतो आणि प्लास्टिक मऊ पडतं. ५०६० टीआय आणि ९०६० एक्सटीच्या बहुतेक मॉडेलांत साधा ८ पिनच येतो, त्यामुळे या गटात ही भीती कमीच. नायट्रो प्लस ९०७० एक्सटीसारख्या काही कार्डांत मात्र १६ पिन आहे, खोक्यामागे पाहून घ्या.

वॉरंटी

बहुतेक कंपन्या भारतात तीन वर्षं देतात. झोटॅकसारख्या काही कंपन्या खरेदीनंतर ठरलेल्या मुदतीत वेबसाइटवर नोंदणी केली तर आणखी वाढवून देतात. ती मुदत बिलाच्या दिवशीच विचारा आणि घरी पोचल्यावर जेवायच्या आधी नोंदणी करून टाका. उद्या करू म्हटलेली नोंदणी राहून जाते.

वर्षांच्या आकड्यापेक्षा ही उत्तरं जास्त महत्त्वाची. कार्ड दुकानदार घेणार की तुम्हालाच सर्व्हिस सेंटर गाठावं लागणार? तुमच्या जिल्ह्यात सेंटर आहे, की लातूरहून पुण्याला कुरिअर करायचं, आणि करायचं तर खर्च कुणाचा? दुरुस्त करून देतात, बदलून देतात, की मॉडेल बंद झालं म्हणून घसाऱ्याने पैसे देतात? कार्ड नसताना मशीन चालेल का, हेही याच वेळी आठवा. आय३ १२१००एफ सारख्या "एफ" प्रोसेसरमध्ये अंगचं ग्राफिक्स नसतं. कार्ड तीन आठवडे सेंटरला गेलं की मशीनही तीन आठवडे बंद. ५६००जी वाल्यांचं निदान ऑफिसचं काम चालू राहतं.

बिलावर सीरियल नंबर आणि दुकानाचा जीएसटी नंबर छापलेला हवा. "बिल नको, दोन हजार कमी घ्या" हा सौदा वॉरंटी विकण्याचा सौदा आहे. बिल नसेल तर काही कंपन्या उत्पादनाच्या तारखेपासून मुदत मोजतात, आणि कार्ड गोदामात आठ महिने पडलेलं असेल तर ते आठ महिने तुमचे गेले. खोक्यावर भारतातल्या आयातदाराचं नाव, पत्ता आणि एमआरपीचं स्टिकर नसेल तर ते बाहेरून आणलेलं समजा. दुबईहून किंवा अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेल्या कार्डाचंही तेच, घेण्याआधी त्या कंपनीची वॉरंटी भारतात चालते का ते लेखी विचारा. ऑनलाइन मागवलं तर सील फोडण्यापासूनचा अखंड व्हिडिओ काढा, सीरियल नंबर दिसेल असा. कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, तिथे नोंदवलेली तक्रार कंपनीपर्यंत पोचते.

वापरलेलं कार्ड घेणार असाल तर चालू मशीनवर लावून, अर्धा तास भार देऊन, स्वतःच्या डोळ्यांनी बघून घ्या. जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नावाआधी "फेक" असं आलं तर जुन्या चिपवर खोटं बायोस चढवलंय. आरएक्स ५८० च्या नावाने २०४८ शेडरवालं (शेडर म्हणजे एएमडीचे कोअर) कार्ड बाजारात आहे, मूळ ५८० ला २३०४ असतात. नाव न ऐकलेल्या कंपनीच्या "नवीन" ५८० वर तर विश्वासच ठेवू नका, त्यावरची चिप बहुधा एखाद्या मायनिंगच्या कार्डातून काढलेली असते.

एसएमपीएस, यूपीएस आणि टेप

कार्ड नवं आणि एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) कॅबिनेटसोबत आलेला, अशी जोडी रोज दिसते. वरचा "४५० वॅट" वाचू नका, बाजूच्या लेबलवर १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिलेत ते वाचा. १८ अँपिअर असतील तर १२ गुणिले १८, म्हणजे २१६ वॅट. त्यातच प्रोसेसरही आणि १८० वॅटचं कार्डही. चांगल्या ५५० वॅटच्या एसएमपीएसमध्ये इथे ४५ अँपिअरच्या आसपास दिसतील. एन्व्हिडिया ५०६० टीआयसाठी ६०० वॅट आणि ५०६० साठी ५५० वॅट सांगते, एएमडी ९०६० एक्सटीसाठी किमान ४५०. मोलेक्सवरून (जुन्या चार पिनच्या प्लगवरून) ८ पिन करणारा अडॅप्टर लावून काम भागवू नका, ती तार या भारासाठी नाही. मॉड्युलर एसएमपीएसच्या केबल दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसला लावू नका, पिना सारख्या दिसतात पण जोडणी वेगळी असते, आणि पहिल्याच बटणाला कार्ड जातं. पॉवर कनेक्टरच नसलेलं जुनं ऑफिस मशीन असेल, २४० वॅटच्या एसएमपीएसचं, तर ३०५० ६ जीबी बघा. ते ७० वॅटचं आहे, स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॅटवर भागतं, आणि एमएसआय, गिगाबाइटचं बुटकं मॉडेलही येतं.

६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात साधारण ३६० वॅटचा असतो. गेम चालू असताना वीज गेली तर तो मॉनिटरसकट मशीन ओढत नाही, टुकटुक करून बंद पडतो, आणि दोष नव्या कार्डाला दिला जातो. १००० व्हीए घ्या. आणि अर्थिंग तपासून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर नवं कार्ड त्यात बसवू नका, आधी वायरमनला बोलवा.

मग टेप. कॅबिनेटच्या आत, पुढच्या पंख्यापासून मागच्या पट्टीपर्यंत मोजा. झोटॅकचं सोलो एका पंख्याचं, १६५ मिमीच्या आसपास. बहुतेक दुपंखी २०० ते २५० मिमी, तीन पंख्यांचं ३०० च्या पुढे जातं. रुंदीही मोजा: ८ पिनची केबल कार्डाच्या कडेतून वर येते आणि काचेला टेकते. दोन बोटांची जागा हवी.

बसवताना

जुना ड्रायव्हर काढायला डीडीयू हे सॉफ्टवेअर वापरा, तेही सेफ मोडमध्ये आणि इंटरनेट बंद ठेवून, नाहीतर विंडोज मधल्या मधे स्वतःचा जुना ड्रायव्हर घालून बसतं. बोर्डचं बायोस आधीच अपडेट करा, जुन्या कार्डावर डिस्प्ले येतोय तोवर. मग स्विच बंद, पॉवर बटण पाच सेकंद दाबून धरायचं, स्लॉटच्या टोकाची कुंडी उघडायची, जुनं काढायचं. नवं सरळ दाबा, कुंडीचा टक आवाज आला पाहिजे. स्क्रू दोन्ही लावा. एका स्क्रूवर लटकलेलं जड कार्ड काही महिन्यांत वाकतं आणि स्लॉटजवळच्या बोर्डला तडा जाऊ शकतो. तीन पंख्यांच्या कार्डाखाली आधार द्या.

डिस्प्ले आला नाही तर घाबरण्याआधी केबल पाहा. एचडीएमआय सवयीने मदरबोर्डच्याच पोर्टला लावलेली असते, हे फार वेळा होतं. ती बरोबर असेल आणि पंखे फिरत असतील, तरी काळा पडदा असेल, तर बायोस लेगसी किंवा सीएसएमवर, म्हणजे सुरू होण्याच्या जुन्या पद्धतीवर, असण्याची शक्यता मोठी. नव्या कार्डांना यूईएफआय ही नवी पद्धत लागते. जुनं कार्ड किंवा ऑनबोर्ड लावून सीएसएम बंद करा. त्यानंतर विंडोज चढत नसेल तर डिस्क अजून एमबीआर या जुन्या मांडणीत आहे, ती आधी जीपीटी या नव्या मांडणीत करावी लागेल, आणि त्याआधी बॅकअप. ५०६० मालिकेत काही बोर्डांवर सुरू होताना पडदा कोरा राहतो, त्यासाठी एन्व्हिडियाने वेगळं यूईएफआय फर्मवेअर टूल दिलेलं आहे.

ड्रायव्हर टाकला की जीपीयू-झेड उघडा. मेमरी १६३८४ एमबी दिसते का, रीसायझेबल बार चालू आहे का, आणि बस पूर्ण लेनवर आहे (५०६० टीआयला ८, ९०६० एक्सटीला १६) की ४ वर घसरलीय. बस पाहताना प्रश्नचिन्हाचं बटण दाबून भार द्या, रिकामं असताना ती झोपलेली दिसते. चारच लेन दिसल्या तर कार्ड नीट बसलेलं नाही, सोन्याच्या पट्टीवर धूळ आहे, किंवा ते खालच्या स्लॉटमध्ये लावलंय.

मग अर्धा तास तुमचा सगळ्यात जड गेम. चौकोन, रंगीत ठिपके, अचानक काळा पडदा यातलं काही दिसलं तर पहिल्या आठवड्यातच दुकानात जा, तेव्हा दुकानदार बदलून देऊ शकतो, नंतर सेंटरच्या रांगेत उभं राहावं लागतं. रेडिऑनमध्ये हॉटस्पॉटचा, म्हणजे चिपवरच्या सगळ्यात तापलेल्या जागेचा, आकडाही पाहा. तो मुख्य तापमानापेक्षा १५-२० अंश वर असणं नेहमीचं, ३५ च्या वर गेला तर पेस्ट नीट लागलेली नाही. ५० मालिकेत एन्व्हिडियाने हॉटस्पॉट दाखवणंच बंद केलं, तिथे मेमरीचं तापमान आणि पंख्याचा वेग यावर अंदाज बांधा. लोड येताच किणकिण आवाज आला तर ती कॉइलची कुरकुर, बहुतेक कंपन्या तिला दोष मानत नाहीत. फ्रेमला मर्यादा घातली की ती बरीच कमी होते.

खोकं, आतला फोम आणि अँटिस्टॅटिक पिशवी तीन वर्षं माळ्यावर ठेवा. सेंटरला पाठवताना कार्ड नुसत्या बबल रॅपमध्ये गेलं आणि वाटेत पट्टी वाकली, तर तो डाग तुमच्या नावावर लागतो. आणि स्क्रूवरचं छोटं गोल वॉरंटीचं स्टिकर पहिल्याच दिवशी फोटोत टिपून ठेवा.